कोळंबीचा रोग : नफा कोणाचा, नुकसान कोणाचे?

१९९४ साल सरता सरता आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावरील कोळंबीच्या तळ्यांत मोठी मरतूक सुरू झाली. चांगली पोसलेली काळी कोळंबी एकाएकी खाणे टाकी, मलूल होऊन बांधाच्या कडेला येई, कवचावर पांढरे ठिपके दिसू लागत आणि आठदहा दिवसांच्या आत तळेच्या तळे रिकामे होई. नेल्लोरपासून काकिनाड्यापर्यंत आणि खाली तामिळनाडूतही हेच घडले. कालपर्यंत 'गुलाबी सोने' म्हणून जिचा गौरव चालला होता, ती कोळंबी टोपल्यांनी उपसून पुरावी लागली. निर्यातीच्या आकड्यांत पुढे ही तूट भरून निघाली. परंतु ज्यांनी भाताची शेते मोडून, खंडाने जमीन घेऊन, उसनवारीवर बीज आणि खाद्य आणून तळी केली होती, त्यांची तूट भरून देण्यास कोणी पुढे आले नाही. ज्या विमा कंपन्यांनी या पिकाला पूर्वी संरक्षण देऊ केले होते, त्यांनीही त्यानंतर हात आखडता घेतला.

अशा मरतुकीला दैवाचा घाला म्हणण्याची रीत आहे. दैवाला जबाबदार धरले की माणसाला जाब विचारण्याचे कारण उरत नाही. म्हणून ही रीत अनेकांच्या सोयीची ठरते. वस्तुतः या रोगाची वाट आधीपासून ठाऊक होती. तैवानमध्ये १९८७ साली काळ्या कोळंबीचे उत्पादन शिखरावर होते. पुढच्याच वर्षी ते सुमारे एक-तृतीयांशावर घसरले. तेथील रोग वेगळा होता, पण कारणपरंपरा तीच होती: एकाच पाण्यात फार तळी, एका तळ्यात फार जीव, आणि तळाशी साचलेली घाण. चीनमध्ये १९९२ साली दोन लाख टनांच्या घरात असलेले उत्पादन १९९३ मध्ये निम्म्याहूनही खाली आले, आणि तेथे पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू स्पष्टपणे पुढे आला. चीनमधून आणलेल्या बीजाबरोबर तो त्याच वर्षी जपानला पोहोचला. हे सर्व घडत असताना भारतात काय चालले होते? १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणाचे वारे अंगात भरलेल्या बड्या कंपन्या शेअरबाजारातून भांडवल गोळा करून किनाऱ्यावर उतरत होत्या, बँका कर्जे मोकळी करीत होत्या, आणि परकीय चलनाच्या ओढीने सरकार त्यांची पाठ थोपटत होते. शेजारचे घर जळत असताना आपल्या छपरावर आणखी गवत चढविण्याचाच हा प्रकार होता.

या रोगाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याचे राजकारण त्याच्या स्वरूपातच दडलेले आहे. हा विषाणू माणसाला अपाय करीत नाही. तो कोळंबीबरोबर खेकड्यांतही राहतो, रोगट मादीकडून बीजात उतरतो, मेलेल्या कोळंबीला सोबतिणींनी कुरतडले की पसरतो, आणि मुख्य म्हणजे पाण्याबरोबर वाहतो. कोळंबीसारख्या कवचधारी जीवाच्या शरीरात माणसासारखी वा माशासारखी प्रतिकारद्रव्ये तयार होत नाहीत. त्यामुळे रूढ अर्थाची लस तिला देता येत नाही, आणि विषाणूवर प्रतिजैविकांचा इलाज चालत नाही. रोग येऊ न देणे हाच एकमेव उपाय उरतो. आता तळ्यांची रचना पाहावी. एका खाडीतून वा कालव्यातून शेदोनशे तळी पाणी घेतात आणि त्याच कालव्यात सोडतात. एकाच्या तळ्यात मरतूक दिसली की तो घाईने उरलेला माल काढतो आणि पाणी बाहेर सोडून मोकळा होतो. सकाळी त्याने सोडलेले पाणी संध्याकाळच्या भरतीला दुसऱ्याच्या पंपातून आत येते. तळी खाजगी, पण पाणी सामाईक. नफा खाजगी, पण रोग सामाईक. पहिल्या शेतकऱ्याला दुष्ट ठरवून हा प्रश्न सुटत नाही. डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाने ते पाणी आपल्याच तळ्यात कोंडून, औषधाने निर्जंतुक करून, महिनाभर जमीन पडीक ठेवावी अशी अपेक्षा करायची, आणि त्या महिन्याच्या तोट्याची जबाबदारी मात्र कोणी घ्यायची नाही, यात न्याय नाही आणि व्यवहारही नाही.

या धंद्यातील माणसांची उतरंड ध्यानात घेतली म्हणजे नुकसान कोठे जाऊन साचते ते कळते. देशातील कोळंबी पिकविणाऱ्या दहांपैकी नऊ जणांकडे दोन हेक्टरांहून कमी तळी आहेत, आणि त्यांतली पुष्कळ तळी खंडाची आहेत. बीज, खाद्य आणि औषध पुष्कळदा एकाच व्यापाऱ्याकडून उधारीवर येते. बहुधा तोच किंवा त्याच्याच साखळीतला दुसरा दलाल तयार माल उचलतो. पीक साधले तर भाव तो ठरवितो. बुडाले तर उधारी वहीत राहते. रोगाच्या भीतीने शेतकरी जी औषधे तळ्यात ओततो, त्यांवरही नफा त्याचाच. पिकाच्या आजारातून निश्चितपणे कमाई करणारा असा दुसरा धनी शोधून सापडणार नाही! उतरंडीच्या अगदी तळाशी तळ्यावरचा मजूर आहे. रात्री पहारा करणारा, चिखल काढणारा, खाद्य टाकणारा हा माणूस, आणि प्रक्रिया कारखान्यात बर्फाच्या पाण्यात उभी राहून कोळंबी सोलणारी स्त्री. तळे बुडाले की त्यांचा रोजगार त्याच दिवशी बुडतो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे रोगांमुळे देशाच्या कोळंबीशेतीचे वर्षाचे नुकसान एक अब्ज डॉलरच्या घरात जाते, आणि बुडालेला रोजगार सोळा लाख मनुष्यदिवसांहून अधिक भरतो. डॉलरच्या आकड्याची चर्चा होते. मनुष्यदिवसांचा आकडा कोणी उच्चारीत नाही.

पहिल्या लाटेत किनाऱ्यावरील गरिबांची बाजू घेऊन जे उभे राहिले, त्यांचे स्मरण समाजवादी कार्यकर्त्यांनी ठेवले पाहिजे. तंजावरच्या सुपीक प्रदेशात किळवेणमणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी ४४ दलित शेतमजूर, स्त्रिया आणि मुले जिवंत जाळली गेली. त्यानंतर भूदान चळवळीतील शंकरलिंगम जगन्नाथन आणि कृष्णम्माळ जगन्नाथन हे दांपत्य तेथे जाऊन राहिले आणि भूमिहीनांना जमीन मिळवून देण्याच्या कामाला लागले. नव्वदीच्या दशकात त्याच भागात कोळंबीच्या कंपन्या आल्या. भाताची शेते खारी झाली, विहिरींचे पाणी तोंडात धरवेना, आणि समुद्राकडे जाणाऱ्या वाटा कुंपणांनी बंद झाल्या. जगन्नाथन यांनी सत्याग्रह केला, आणि सर्वोच्च न्यायालयात अर्जही केला. न्यायालयाने पाहणीचे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे सोपविले. तिने निष्कर्ष काढला की या शेतीने निसर्गाचे आणि समाजाचे केलेले नुकसान तिच्या उत्पन्नाहून मोठे आहे. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि सगीर अहमद यांनी निकाल दिला. पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक पद्धती वगळता किनारा नियमन क्षेत्रातील कोळंबीची तळी ३१ मार्च १९९७ पूर्वी हटवावीत, बाधितांना भरपाई द्यावी, आणि वर्षभर सलग काम केलेल्या मजुरांना कायद्याच्या छाटणीभरपाईखेरीज आणखी सहा वर्षांचे वेतन द्यावे, असा तो आदेश होता. सहा वर्षांच्या वेतनाचे हे वाक्य फारसे कोणी उद्धृत करीत नाही.

पुढे जे घडले ते नेहमीचेच. फेरविचाराचे अर्ज झाले, निकालाची अंमलबजावणी रेंगाळली, आणि २००५ साली संसदेने किनारी जलजीवपालन प्राधिकरण कायदा करून या शेतीला १९९१ च्या किनारा अधिसूचनेतून पूर्वलक्षी प्रभावाने मोकळे केले. न्यायालयात हरलेली बाजू संसदेत जिंकली. त्या कायद्याने नोंदणी सक्तीची केली आणि नोंदणीवाचून तळे चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद ठेवली. २०२३ च्या दुरुस्तीने ती कैदही काढून दंडावर भागविले. किरकोळ चुकीसाठी गरीब शेतकऱ्याला तुरुंग नको, हे म्हणणे रास्त आहे. पण दंड ही ज्याला केवळ धंद्याच्या खर्चातील एक बाब वाटते अशा बड्या मालकालाही त्याच दुरुस्तीने अभय मिळाले, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

दरम्यान काळी कोळंबी मागे पडली. पॅसिफिक महासागराच्या पलीकडची व्हेनामी जातीची कोळंबी २००९ पासून व्यापारी प्रमाणावर भारतात आली आणि पाहता पाहता तिने किनारा व्यापला. २०२३-२४ साली देशाची मत्स्यनिर्यात सुमारे ६० हजार कोटी रुपयांची झाली. त्यातले ४० हजार कोटी एकट्या गोठविलेल्या कोळंबीचे होते. या यशामागे रोगाचेच भय होते. व्हेनामीच्या प्रजनक माद्या ठराविक रोगांपासून मुक्त अशा पैदाशीच्या मिळतात. त्या मुख्यतः अमेरिकेतील मोजक्या कंपन्यांकडून आणून चेन्नईजवळ नीलांकराईच्या सरकारी विलगीकरण केंद्रातून पुढे बीजोत्पादन केंद्रांकडे जातात. ही व्यवस्था उपयुक्त ठरली, यात शंका नाही. परंतु 'रोगमुक्त' या शब्दाने फार मोठी गफलत केली. रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे. निर्मळ मादीचे बीज मलिन पाण्यात सोडले की तेही मरते. शिवाय ज्या रोगाची तपासणीच होत नाही त्यापासून मुक्ततेची हमी कोण देणार? थायलंडमध्ये २००९ साली एका सूक्ष्म परजीवीचे वर्णन प्रथम झाले. कोळंबीच्या यकृतासारख्या ग्रंथीत तो घर करतो. तो पांढऱ्या ठिपक्यांसारखा आठवड्यात मारीत नाही. कोळंबी जगते, खाते, पण वाढत नाही. शेतकरी खाद्य घालीतच राहतो आणि चार महिन्यांनी हाती येतो कवडीमोलाचा बारीक माल. काही वर्षांतच हा परजीवी भारतीय तळ्यांतही रुजला, आणि वर उल्लेखिलेल्या अंदाजात रोगांच्या नुकसानीचा सर्वांत मोठा वाटा त्याचाच आहे. अशा रोगाच्या धास्तीने वापरलेली प्रतिजैविके कोळंबीला वाचवीत नाहीत, पण तिच्या मांसात त्यांचे अंश उरतात. मग युरोपच्या बंदरावर माल नाकारला जातो, आणि त्या नकाराचा भुर्दंड भाव पाडून पुन्हा तळ्यावरच वसूल होतो.

बेजबाबदार शेतकरी आणि आडाणी मजूर यांच्यावर खापर फोडणाऱ्यांनी जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण जरूर पाहावे, कारण तेथे शेतकरी गरीब नव्हता आणि तंत्रज्ञान मागास नव्हते. नॉर्वेत सामन माशाच्या पिंजरापालनात १९८४ साली रक्तक्षयाचा एक सांसर्गिक रोग प्रथम दिसला आणि १९९० च्या सुमारास त्याने कहर केला. तेथील शासनाने माशांची ने-आण रोखली, एका ठिकाणी एकाच वयाचे मासे ठेवण्याचा आणि मधे पाणी पडीक सोडण्याचा दंडक घातला, आणि रोगी मासे नष्ट करविले. साथ ओसरली. जिवाणूजन्य रोगांसाठी लसी सार्वत्रिक झाल्या आणि १९८७ साली सुमारे ५० टन असलेला प्रतिजैविकांचा वापर दहा वर्षांत एकदोन टनांवर आला. उत्पादन मात्र कैक पटींनी वाढले. आता चिली पाहावा. पिनोशेच्या लष्करी राजवटीत खाजगीकरणाच्या छायेखाली तेथील सामन उद्योग वाढीला लागला, आणि पुढे नॉर्वेच्याही कंपन्या त्यात उतरल्या. मायदेशी जे नियम त्या निमूटपणे पाळीत होत्या, ते येथे त्यांच्यावर कोणी घातले नाहीत. एका खाडीत पिंजऱ्याला पिंजरा लागला. २००७ साली तोच रक्तक्षयाचा रोग चिलीत उफाळला. नॉर्वेहून आलेल्या अंड्यांबरोबर तो आला असावा, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. २००८ मध्ये चिलीने सामनपालनात तीनशे टनांहून अधिक प्रतिजैविके वापरली. नॉर्वेने जवळजवळ एक टन. दोनतीन वर्षांत चिलीचे अटलांटिक सामनचे उत्पादन कोसळले आणि पोर्तो माँतच्या परिसरात हजारो कामगारांना घरी बसावे लागले. मासा तोच, विषाणू तोच, काही मालकही तेच; भेद होता तो सार्वजनिक सत्तेने कोणाची बाजू घेतली याचा.

नॉर्वे श्रीमंत आहे, तेथले येथे कसे चालेल, असा आक्षेप येईल. त्याला आंध्रच्याच भूमीतले उत्तर आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या साथीनंतर सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण आणि आशियाई देशांची मत्स्यपालनविषयक आंतरशासकीय संस्था यांनी पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील मोगलतुरू गावी २००२ च्या सुमारास लहान शेतकऱ्यांना एकत्र आणण्याचा प्रयोग केला. एका कालव्यावरच्या तळेवाल्यांनी मंडळ केले. सर्वांनी एकाच सुमारास बीज सोडायचे, ते तपासून एकत्र खरेदी करायचे, तळ्याभोवती खेकडे अडविणारे कुंपण घालायचे, मरतूक झाली तर लपवायची नाही, आणि रोगी तळ्याचे पाणी निर्जंतुक केल्यावाचून सोडायचे नाही, असे साधे नियम ठरले. यात परदेशी यंत्र नव्हते, महाग औषध नव्हते. रोगाचे प्रमाण घटले, खर्च उतरला, आणि शेजारच्या गावांनीही मंडळे केली. या अनुभवातूनच २००७ साली काकिनाड्यास शाश्वत जलजीवपालनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. परंतु पुढच्या व्हेनामीच्या भरतीत जेवढे धन निर्यातीच्या प्रोत्साहनावर गेले, त्या मानाने अशा मंडळांचे काम नेहमी सावत्र राहिले. सहकार म्हटला की महाराष्ट्रात साखरसम्राटांची आठवण होऊन कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे खरे आहे. पण मोगलतुरूचा सहकार कारखान्याच्या अध्यक्षाच्या मोटारीतून आलेला नव्हता. तो पाण्याच्या वाटणीतून आला होता.

पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतही खाड्यांच्या काठी कोळंबीची तळी आहेत, आणि त्यांना हा सारा इतिहास लागू आहे. कोकणच्या खारभूमीला तर सामाईक पाण्याचा पाठ नव्याने शिकविण्याची गरज नाही. बांध एका ठिकाणी फुटला तरी साऱ्यांचे भात बुडते, आणि उघाडी वेळेवर न मिटल्यास भरतीचे पाणी मालक पाहून शिरत नाही. म्हणून बांधाची डागडुजी हे पिढ्यान्‌पिढ्या गावकीचे काम होते. पुढे १९४८ आणि १९७९ च्या कायद्यांनी शासनाने तो भार उचलला. याच रायगडच्या खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे खोतांविरुद्ध संप चालविला. जमीन कसणारा कूळ आणि पीक उचलणारा खोत हे नाते तेव्हा जसे होते, तसेच आज तळ्याचा खंडकरी आणि खाद्यबियाण्याचा व्यापारी यांचे होत चालले आहे. खारभूमीच्या बांधाइतकेच तळ्याचे पाणी हेही सार्वजनिक बांधकामाचे आणि सार्वजनिक देखरेखीचे काम आहे, हे शासनाकडून मान्य करून घेतले पाहिजे. पाणी घेण्याचा आणि सोडण्याचा कालवा वेगळा हवा, सोडलेले पाणी निवळण्यासाठी सामाईक कुंड हवे, आणि बीज तपासणारी प्रयोगशाळा खाडीपासून एका दिवसाच्या अंतरावर हवी. मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तिच्या ज्ञानाची वाट खाडीपर्यंत का पोहोचू नये?

हा प्रश्न कोळंबीपुरता नाही. १९८८ साली ईशान्य भारतात शिरलेल्या व्रणांच्या रोगाने तलावांतले आणि भातखाचरांतले मरळ, पुंटी यांसारखे गरिबांचे मासे नासविले. माणसाला त्यापासून बाधा नसतानाही लोकांनी मासळीच खाणे सोडले, आणि ज्यांच्या जाळ्यात एकही रोगी मासा नव्हता अशा मच्छीमारांचीही चूल थंडावली. आज महाराष्ट्राच्या जलाशयांत तिलापिया आणि पंगसचे पिंजरे वाढत आहेत. तिलापियाचा एक घातक विषाणू २०१४ साली इस्रायलमध्ये ओळखला गेला आणि २०१८ पर्यंत भारतातही नोंदला गेला. जलाशयात पिंजऱ्यांचा ठेकेदार एक आणि मासेमारी करणारी ढिवर-भोयांची सहकारी संस्था दुसरी असेल, तर ठेकेदाराच्या पिंजऱ्यातला रोग संस्थेच्या माशांना होईल. तो करारनामा वाचून थांबणार नाही. म्हणून असा ठेका देण्यापूर्वी संस्थेची संमती आणि रोगाच्या भरपाईची अट लेखी असणे, ही मागणी आतापासूनच धरावी लागेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने मत्स्यव्यवसायासाठी सहा हजार कोटींहून अधिक रकमेची नवी योजना मंजूर केली, आणि तीत जलजीवपालनाच्या विम्याच्या हप्त्याला साहाय्य देऊ केले. उशिरा का होईना, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण विमा तळ्याच्या मालकाच्या नावे निघाला आणि पीक खंडकऱ्याचे बुडाले, तर पैसे कोणाला मिळणार? आणि १९९६ च्या न्यायालयाला जो मजूर दिसला होता, त्याच्या बुडालेल्या रोजाला या विम्यात जागा आहे काय? योजनेची अंमलबजावणी जिल्ह्याजिल्ह्यांत चालू असतानाच हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. त्यासाठी किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांनी एकेका खाडीचा हिशेब हाती घ्यावा: तळी किती, नोंदलेली किती, कसणारा कोण, मजूर किती आणि कोठले, बीज कोणाकडून येते, पाणी कोठे सोडले जाते. आणि पुढील हंगामाचे बीज तळ्यात पडण्यापूर्वी त्या खाडीचे तळेवाले, भातशेतकरी आणि कोळी यांना एका सभेस बसवावे.